वाकेल असा

रबाळ्याच्या शेडमध्ये
मी आर्म पुन्हा काढतेय.
गाडी तीन इंच उचलली
की पुढचा अ‍ॅक्सल गुपचूप मागे सरकतो,
स्टिअरिंग भरकटतं.
म्हणून लांबी नऊ मिलिमीटर वाढवली,
बुशचा कोन दोनदा खोडला.

गाडी घणसोलीच्या मढवींची.
काचेवर पिवळ्या अक्षरांत:
मोडेन पण वाकणार नाही.
‘पाइप जाडच घाला, मॅडम.’

ग्लॅडविन वेल्डिंगचा मुखवटा वर करून
माझ्याकडे बघतो.
मागचा जाड आर्म खाणीतून
जसाच्या तसा परत आला होता,
चेसिसचा कान मात्र
मुळासकट उपटून.

मी पाइपची भिंत
अर्धा मिलिमीटर बारीक करते.
आपटला तर वाकेल,
वाकडातिकडा
घरी आणेल.

मढवींना काय सांगायचं,
ते ग्लॅडविन बघेल.