शेऱ्याचा रकाना

साळावचा पूल व्हायच्या आधी
मी रेवदंड्याच्या धक्क्यावर तिकिटं फाडायचो
आणि वहीत चार रकाने भरायचो:
तिथी, भरती, सुकती, शेरा.

भरतीचं गणित सोपं. तिथीची पाऊणपट.
चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.
आभाळाकडे मान वर न करता जमायचं.
शेरा मात्र कोरा.
साहेब म्हणत, काही घडलं तर लिहा.
काही घडत नसे.
एकदा कुणाची कोंबडी पाण्यात पडली, ती लिहिली.

मग ती कार्तिकातली संकष्टी.
रात्रीचे आठ, पाणी पार ओसरलेलं,
आणि लाँच खाडीच्या मधोमध चिखलात रुतलेली,
म्हशीसारखी, उठायचं नाव नाही.
धक्क्यावर पाच माणसं, एक कंदील.
परचुरे मास्तर उपाशी, डोळे पूर्वेला.
चंद्र दिसल्याशिवाय मोदकाला हात नाही.

मास्तर भुकेनं बोलके व्हायचे.
म्हणाले, मा म्हणजे मोजणं. त्यातून मास.
महिना त्याचाच, फारशीतला माह त्याचाच,
इंग्रजांचा मून त्याच घराण्यातला.
चमकतो म्हणून चंद्र, ते नंतरचं कौतुक.
मुळात तो मोजणीदार.

मी वहीकडे पाहिलं.
म्हणजे खात्यात तो मला वरिष्ठ,
आणि इतकी वर्षं मी त्याची सही न घेता
त्याचे आकडे लिहीत होतो.

शेगुलाबाई नवगावकर हसल्या.
त्यांच्या सासऱ्यांचा घाणा होता, शनिवारी बंद.
आमची लेवाना, म्हणाल्या. पांढरी.
एवढाच अर्थ. धुतलेल्या लुगड्यासारखा.

इनास व्हेगस कोर्लईचा, त्याला घरी जायचं होतं,
घर समोर, मध्ये हात-दोन हात पाणी आणि पुरुषभर चिखल.
म्हणाला, पोर्तुगीज गेले,
किल्ला ठेवला, आणि तोंडात लुआ.
ती पण बाईच.
आमच्याकडे बाई, तुमच्याकडे बाप्या.
खाडी ओलांडताना कपडे बदलतो काय?

शरफुद्दीन मुकादम इतका वेळ विडी वळत होते.
कमर म्हणतात, ते म्हणाले, पण पूर्ण गोल झाल्यावर.
पहिल्या दिवशीचा तो हिलाल.
नखाएवढी कोर दिसली की माणूस ओरडतो ना,
त्या ओरडण्यातूनच आलाय शब्द, असं वडील सांगायचे.
आणि खरंच ओरडले, वयाच्या सत्तरीत,
छपरावर चढलेल्या पोरासारखे.
लाँचवरच्या खलाशानं घाबरून घंटा वाजवली.

मी लिहीत गेलो. शेऱ्याचा रकाना
पहिल्यांदा ओळीबाहेर सांडला.
मास. लेवाना. लुआ. हिलाल.
पेन्सिल थुंकी लावून लावून बोथट झाली.

चांगुणा कोळीण तेवढी बोलली नव्हती.
रिकामी पाटी उलटी करून तिच्यावर बसलेली,
पाठ आम्हाला, तोंड खाडीच्या मुखाकडे.
मी विचारलं, तुमच्यात काय म्हणतात गो?
ती वळली नाही.
म्हणाली, तो.
नुसतंच तो?
तो अजून नाय आयला.

दुपारच्या भरतीला तिच्या दादल्याची होडी
बाहेर पडलेली. हे मला माहीत होतं,
वहीत वेळ माझ्याच अक्षरात होती.
नवऱ्याचं नाव ती घेत नसे.
चंद्राचंही घेतलं नाही.
कोणाला उशीर झालाय, ते विचारायचा
मला धीर झाला नाही.

नऊला डोंगरामागून उजेड आला,
आधी माडांच्या शेंड्यांना, मग चिखलाला.
मास्तरांनी हात जोडले, डबा उघडला,
पहिला मोदक शरफुद्दीनना दिला.
शेगुलाबाई पुटपुटल्या काहीतरी.
चांगुणा उभी राहिली, पाटी तशीच,
आणि त्या उजेडात खूप लांब, बारावाच्या पलीकडे,
एक काळा ठिपका होता, किंवा खडक.

वही अजून माझ्याकडे आहे.
पूल झाल्यावर कुणी परत मागितली नाही.
त्या तारखेपुढे शेवटचा शब्द आहे: तो.
पुढे जागा सोडलेली आहे.