तिसरा हिस्सा

मी दारात बूट झटकत असतानाच बाप विचारतो,
"ॲव्हरेज किती दिलं?"
शिकार मिळाली का, ते नंतर.
बोटं जागेवर आहेत ना, तेही नंतर.

कंबरेचं हाड मोडल्यापासून तो खिडकीशी असतो,
कुस्कोक्विमच्या गोठलेल्या पाठीकडे तोंड करून,
मांडीवर वही, कानामागे सुताराची पेन्सिल.
तारीख. वारा कुठला. बर्फ कसला:
भुसभुशीत, की मळलेला, की वरून कडक नि खाली पाणी.
मागच्या घसरगाडीत ओझं किती.
मग मैल, मग गॅलन,
आणि खाली रेघ मारून भागाकार.
एकोणीस वर्षांचे भागाकार आहेत त्या वहीत.
आईचं आजारपण एका ओळीत आहे:
'बेथेल, दवाखाना. वारा समोरून. आठच दिले.'

आमच्या स्नोमशीनचा काटा केव्हाच मेला.
टाकीत वाळुंजाची काडी बुडवायची.
काडीवर चाकूच्या दोन खाचा,
म्हणजे टाकीचे तीन हिस्से, चार-चार गॅलनचे.
"एक जायला, एक यायला," बाप म्हणतो.
"तिसरा आपला नाही."
कुणाचा, ते त्यानं कधी सांगितलं नाही.
मी धरून चाललो होतो, वाऱ्याचा असेल.
गॅलनला नऊ डॉलर मोजून
वाऱ्याला फुकट पाजायचं, हे मला कधी पटलं नव्हतं.

मार्चमध्ये एकटाच निघालो, कॅरिबूच्या मागावर.
घट्ट वाट, पाठीवर वारा, घसरगाडी रिकामी;
मशीन नुसतं पेट्रोल हुंगून पळत होतं.
बेचाळीस मैलांवर काडी घातली,
वरची खाच अजून ओली.
म्हटलं, आज म्हाताऱ्याला आकडा दाखवतो.
मग दोन नर मिळाले. लादले, दोर आवळले,
वळलो,
आणि तोच वारा तोंडावर.
इंजिनाचा आवाज बदलला,
भुकेलं मूल बाटलीला लागतं, तसा.
टाकीला मैल माहीत नसतात.
तिला फक्त ओढ कळते.

झुडपांच्या आडोशाला एक जण दिसला,
कोऱ्या करकरीत मशीनवर, हात काखेत, थर्मास उपडा.
खालच्या गावचा इव्हन.
त्यानं काही मागितलं नाही. आमच्याकडे मागत नाहीत.
"पडद्यावर अजून एकतीस मैल दिसतायत," एवढंच म्हणाला,
आणि आम्ही दोघं त्या एकतीस मैलांकडे बघत राहिलो.
मग बराच वेळ हसलो.

नळी तोंडानं ओढली.
जिभेवर पेट्रोल आलं, ते दोन दिवस गेलं नाही,
चहातही नाही, मटणातही नाही.
किती दिलं ते मोजलं नाही.
मोजलं असतं तर कमी दिलं असतं.

गावाचे दिवे दिसू लागले तेव्हा मशीन खोकलं.
एकदाच. मग अशी शांतता
की लादलेल्या शिंगांमधून वारा जाताना ऐकू आला.
उरलेला मैल पायी.

"किती?"
"सगळं."
"त्यातलं तुझं किती?"
मला सांगता येईना. इव्हनचं नाव सांगितलं.
बापानं पेन्सिल जिभेला लावली,
ओझ्याच्या रकान्यात लिहिलं: 'दोन नर, एक माणूस.'
दिलेलं वजा न करताच भागाकार केला.
सातलाही पोचला नाही.
"फार वाईट ॲव्हरेज," म्हणाला,
आणि चष्मा पुसून
वहीची मागची पानं उलटू लागला,
असाच एक आकडा कुठंतरी होता,
तो शोधत.