समास

वाळवी लागली होती चारशे बाराव्या पानाला,
पण ती सभात्यागाच्या गोंधळातच अडकली,
नागमणी बोद्धूल यांच्या भाषणापर्यंत पोचली नाही.

मी साखर पेठेतला बायंडर.
मोरचूद घालून खळ शिजवतो,
शिवतो, ठोकतो, कापतो. वाचत नाही.
वाचणारा बायंडर उपाशी मरतो, उस्ताद म्हणायचे.

सोमवारी म्हातारी स्वतः आली, विधानसभेच्या कामकाजाचा एक खंड पिशवीत घेऊन.
पाठ निखळलेली, दोरे लोंबत होते.
म्हणाली, समास तेवढा कापू नका.
कटरशिवाय बांधणी म्हणजे न विंचरलेलं डोकं.
पण गिऱ्हाईक आहे, म्हटलं बरं.

रात्री यंत्रमाग थांबले, वीज गेलेली,
मेणबत्तीपाशी पानं लावताना हात थांबला.

मागणी शालेय शिक्षणाची.
शंभर रुपयांची कपातसूचना.
बाईंना कपात नकोच होती, हे सभागृहाला ठाऊक.
पण शंभर कमी करा म्हटल्याशिवाय
शाळेवर बोलायला दहा मिनिटं मिळत नाहीत.
आमच्याकडे उसनं मागायला आलेला माणूस
आधी पाणी मागतो, तसं.

‘अध्यक्ष महाराज, महापालिकेच्या चौदा नंबर शाळेला
सादिलवार खर्चासाठी वर्षाला सात रुपये मिळतात.
फळ्याच्या काळ्या रंगाचा डबा अकराला येतो.
वरचे चार कुणी घालायचे?
हजार विड्या वळल्या तर
आमच्या बाईला चार मिळतात.’
(व्यत्यय.)
‘चौथीतला एक मुलगा मला म्हणाला,
बाई, फळा पांढरा झालाय की ओ,
खडू कशाला, कोळसा द्या.’
(हशा.)
(घंटा.)

तो मुलगा मी.
मी विनोद केला नव्हता.
घरी कोळसा होता, खडू नव्हता, एवढंच.

मार्चच्या एकोणतीस तारखेला हातगाडीवरून डबे आले.
चाळीस.
एकतीसच्या आत निधी संपवायचा होता.
मडूर सरांनी फळे रंगवून घेतले,
मग दारं, मग बाकं, खिडक्यांचे गज,
पाण्याच्या टाकीचं झाकण,
शेवटी अंबण्णा शिपायाची सायकल.
एप्रिलभर आम्ही दारावर पाढे लिहिले,
येणाऱ्याजाणाऱ्याच्या पाठीला सत्ते सत्ते एकोणपन्नास.
जूनमध्ये खडू नव्हते.

पान सहाशे तीन, तारांकित प्रश्न.
सोलापुरातील शाळांना खडू मिळाले नाहीत, हे खरे आहे काय?
अंशतः खरे आहे.
असल्यास, जबाबदारी कोणाची?
प्रश्न उद्भवत नाही.

आणि समासात पेन्सिल.
जिथं जिथं (घंटा), तिथून खाली.
भाषण तिथं थांबलंच नव्हतं,
कडेकडेनं उतरत होतं,
शाळा गुणिले वर्ग, वर्ग गुणिले फळे,
एक बेरीज खोडून पुन्हा केलेली.
सहाशे तीनच्या कडेला बारीक अक्षरात:
चूक माझीही. मी फक्त रंग मागितला.

त्यानंतर त्या निवडणूक हरल्या होत्या,
पण ही शाई नव्हती, पेन्सिल होती,
आणि टोक ताजं वाटत होतं.

मी तीन बाजू न कापता पुठ्ठा चढवला.
वेडावाकडा, ओळीतल्या पुस्तकांच्या
अर्धा इंच पुढं येईल असा.

गुरुवारी त्या आल्या. किती?
राहू द्या म्हटलं.
‘राहू द्या कुठल्या खात्यात मांडू?’
अठ्ठ्याण्णव, म्हणालो. पावती मागितली.
‘कशाबद्दल’ या रकान्यात मी लिहिलं:
बांधणी, नग एक, कपात नाही.

चष्मा वर करून त्यांनी ते दोनदा वाचलं.
‘अक्षर बरंय. शाळा कुठली?’
चौदा नंबर, बाई. दारावर शिकलो.

त्या हसल्या नाहीत.
शंभराची नोट ठेवली,
आणि दोन रुपये परत येईपर्यंत
हात तसाच पुढं धरून उभ्या राहिल्या.