कांद्याचं पाणी

शारजाच्या सजा भागात, शुक्रवारी दुपारी
कमरुद्दीन हुरजूक कांदा चिरत होता.
बांगड्याचं कालवण, खोलीतली सात माणसं,
तेवढा कांदा.
कॅमेरा नेमका तेव्हा आत आला.

एकेचाळीस मिनिटं बोलला तो.
क्रेनच्या केबिनमधून माणसं तिळाएवढी दिसतात,
म्हणून माल हळू उतरवतो, म्हणाला.
श्रीवर्धनला मुलगी आहे, तिला फिजिक्स आवडतं,
त्याला त्यातलं फक्त वजन कळतं.
रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं अळू दाखवलं, तीन पानांचं.
मुकादमाची नक्कल अशी केली
की कॅमेरावाला हसला आणि चौकट हलली.
दोन महिन्यांचा पगार थकलाय, तेही सांगितलं,
गुडघा दुखतो म्हणून सांगावं तसं,
मध्येच,
कंपनीच्या नावासकट.

मी तिसऱ्या मजल्यावर, एसीखाली शाल पांघरून
ते कापलं.
नक्कल गेली. अळू गेलं.
पगाराचं वाक्यही गेलं, कारण त्यात कंपनीचं नाव होतं.
उरला डोळे पुसणारा एक हात. बारा सेकंद.
त्याखाली सारंगी टाकली.
बासरीही चालली असती, पण सारंगी लवकर पोचते.
फाइलला नाव दिलं: कामगार, दुःखी, चार.
तिच्या शेजारीच आधीपासून होती: शेख, ससाणा, अकरा.

ससाणेवाला शेख मला कधी भेटला नाही.
भेटतो तो खलफान, करकच्या टपरीवर, रोज साडेसहाला.
नगरपालिकेत कारकून. गाडीच्या हप्त्यांनी वाकलेला.
गच्चीवर कबुतर बसलं तरी बायकोला हाक मारतो.
गावी मावशीने विचारलं,
"तुझ्या त्या शेखाला बायका किती रे?"
एकच, म्हटलं, आणि तीच कबुतरं हाकलते.
मावशी हिरमुसली.
दुबईहून येऊन मी तिला जणू
अत्तराची रिकामी बाटली दिली होती.

बारा सेकंदांना मात्र काम कमी पडलं नाही.
व्हिसामाफीची मुदत संपली, कमरुद्दीन रडला.
तेलाचा भाव उतरला, कमरुद्दीन रडला.
मग भलत्याच देशात एक गोदाम पेटलं.
मुलगी बारावीचं जर्नल पुरं करत बसली होती,
टीव्हीवर खाली लाल पट्टी, मेलेल्यांचा आकडा,
वर बाप.
फोन लागेना. क्रेनवर चढताना फोन खाली ठेवतात.
चार तास.
शेजारणी येऊन बसल्या, कुणीतरी यासीन पढायला घेतली,
आणि रात्री अकराला त्यानेच फोन करून विचारलं,
जेवलीस का?

रोलाला भेटला मला. ओरडेल असं वाटलं होतं.
"साहेब, तो कांदा होता."
मग बराच वेळ काही नाही.
"रडायला कारणं नायत असं मी कुठं म्हणतो?
पण ती मी सांगितली होती तुम्हांला. तोंडाने."
उरलेली मिनिटं मागितली, मुलीला पाठवायला.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर धुंडाळला.
जागा होत नाही म्हणून मार्चमध्येच पुसली होती.
बारा सेकंद तेवढे तीन ठिकाणी जपलेले.

पुढच्या शुक्रवारी सांगितलं तसं.
"मग आता घ्या," म्हणाला,
आणि विजेच्या खांबाशी उभं राहून केस सारखे केले.
मी मोबाइल धरला.
मुकादम पुन्हा एकदा कमरेवर हात ठेवून बोलायला लागला,
जाणारे दोघे थांबले, भाषा न कळता हसले.
पगार झाला का, मी विचारलं. एक महिन्याचा, म्हणाला,
आणि अळूला आता सात पानं आहेत.
तो बोलत राहिला.
माझा अंगठा सवयीने काचेवर सरकत होता,
कुठे कापायचं ते चाचपत.