कणकेची तार

रिपोर्ट रामदासपेठेतून आणला, दुपारी दोनच्या उन्हात,
पदराखाली झाकून, जणू त्यालाच झळ लागेल.
तीन कागद. जाड अक्षरात एकच आकडा,
एकशे बेचाळीस.
त्याच्या बाजूला बारीक अक्षरात: वीसच्या आत हवा.

मी आकड्यांना भीत नाही.
नव्वद रोट्यांना कणिक किती, मला झोपेतून उठवून विचारा.
पण हे एकशे बेचाळीस कशाचे?
कोणी मोजले ते माझ्या पोरीच्या रक्तात?

गोळीबार चौकात ज्याने त्याने आपापलं वाचलं.
मेडिकलवाला म्हणाला, इन्फेक्शन.
नणंद म्हणाली, नजर आहे बाप्पा, दुसरं काय.
टॉनिकं झाली, जंताची औषधं झाली,
दाराच्या चौकटीवरची पेन्सिलची रेघ
दोन वर्षांत एक बोट नाही सरकली.

धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी आधी दुसरं पान पाहिलं.
हा आकडा कमी असता, म्हणाल्या,
तर पहिल्यावर विसंबता आलं नसतं.
म्हणजे साक्षीदाराचीही साक्ष काढतात.
एवढं मला समजलं.
मग म्हणाल्या, गहू सोसत नाही तिला.
तिचं शरीर त्याच्याशी भांडतं
आणि भांडता भांडता स्वतःचंच आतडं ओरबाडतं.
पण दुर्बीण टाकेपर्यंत बंद करू नका. रोज द्या.
नाहीतर जखम भरत येईल, खूण सापडणार नाही.

मी लांब रोट्या करते.
कणिक आपटायची, पाणी लावायचं, पुन्हा आपटायची,
तार सुटेपर्यंत.
ती तार म्हणजेच ग्लुटेन, हेही बाईंनीच सांगितलं.
जिच्या जोरावर रोटी कोपरापर्यंत लोंबते
आणि उपड्या मडक्यावर फाटत नाही,
जिच्यासाठी महालातली लग्नघरं माझा पत्ता विचारत येतात,
तीच.

अठरा दिवस वाढली मी, माहीत असून.
अवंती ताटावर बसून हसत विचारायची,
आई, आज पण विष खायचं का?
एकदा म्हटलं, अर्धीच खा.
मग आठवलं, आणि उरलेली अर्धी
दुधात कुस्करून भरवली.

दुर्बिणीचा कागद आला. मार्श तीन.
आतड्यात बारीक लव असते म्हणे.
धुऊन धुऊन टॉवेलचे फुंदे जावेत
तशी हिची गेली आहे.
परत येते?
येते. लहान आहे ती. वेळ लागेल.
मी किती वेळ ते विचारलं नाही,
रिक्षात बसल्यावर सुचलं.

आता तिचा तवा वेगळा, पोळपाट वेगळं.
माझी चूल मागच्या अंगणात, पत्र्याखाली.
संध्याकाळी डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय
तिची वेणी घालत नाही.
ज्वारीची भाकर थापताना हात चुकतात माझे,
ओढायला जाते, ती तुटते.
पोट्टी म्हणते, तुटकीच दे, काऊन एवढी घाबरते?

आई, बाप, भाऊ, सगळ्यांचं रक्त द्या, बाई म्हणाल्या होत्या.
भावाचं बरं आहे. ह्यांचंही.
माझा कागद गुरुवारपासून तिथेच पडला आहे.
अकरा वर्षं मला रक्त कमी आहे,
बाईमाणसाला असतंच, असं सगळे म्हणायचे, मीही.

आज सकाळी लॅबचा फोन वाजला दोनदा.
शनिवारची ऑर्डर होती,
हात कणकेत होते.