नऊ सेकंद ऊन

विषाणूतलं विष काढून घेतलं,
रिकामा डबा उरला.
त्यात भरलं डीएनए सांधणारं माणसाचं एक जनुक
आणि म्हटलं, जा, पोचव.

बशीत ओजसच्या कातडीच्या पेशी.
काल त्यांच्यावर ऊन पाडलं,
दिव्यातलं, नऊ सेकंद.
आज मोजतेय, किती तगल्या.

बाहेर उत्तरायण. अख्खं फतेगंज गच्चीवर. ए लपेट!
ओजस पडद्याआड;
ऊन उतरलं की तुक्कल सोडेल.

चौसष्ट टक्के.
मृदुलाबेन विचारतात, जनुक फार बोलू लागलं तर?
ठाऊक नाही.
रफू जाड झालं की कापड टोचतं, एवढंच.

पुन्हा मोजते. एकोणसत्तर.
हे वरचे पाच माझ्या हावेचे.
पेन खाली ठेवते,
तिसऱ्या मोजणीला
खुर्ची त्यांना देते.