दाव्याचं दुसरं टोक

कादंबरीत म्हैस मरते.
पान एकशे बारा, वरून सातवी ओळ.
सांगावकर मास्तरांनी तिला अमावास्येला मारली
आणि पुढची तीन पानं
सुंदरा रिकाम्या गोठ्यात नुसती बसून.

सिनेमात म्हैस मरत नाही.
डायरेक्टर म्हणाले म्हणे,
इंटरव्हलच्या तोंडावर जनावर मेलं
तर माणसं भजी खायला उठत नाहीत.

आणि म्हैस तर आमचीच होती,
गौराआत्तीची, गंगावेशीच्या कट्ट्यावरची.
गिऱ्हाइकाच्या तांब्यात समोर धार काढायची आत्ती,
फेस बसल्याशिवाय माप धरायची नाही.

मास्तर आमच्या माडीवर भाड्यानं.
रोज अर्धा शेर, उधारीवर.
उधारी वाढली तशी कादंबरीही वाढली असणार.
शेवटी हिशेबापोटी त्यांनी एक प्रत दिली, सही करून.
आत्तीला अक्षर येत नव्हतं.
मी चौथीत. मीच वाचली तिला,
जोडाक्षराजोडाक्षराला ठेचकाळत.
सुंदरा नदीकडं बघते आणि काही बोलत नाही,
तिथं मास्तरांनी नऊ ओळी लिहिल्यात,
तिच्या मनात काय काय येऊन गेलं त्याच्या.
आत्ती म्हणाली,
"एवढा इचार करीत बसली असती
तर वैरण कुणी घातली असती रं?"
जरा वेळानं म्हणाली, "पुन्यांदा वाच."

पंचगंगा पायी दहा मिनिटांवर,
तरी स्टुडिओत घाट प्लायवूडचा.
म्हशीचे दिवसाला चाळीस रुपये.
आत्तीचे काही नाहीत, ती म्हशीबरोबर आलेली.
सुंदरा झालेली बाई मुंबईची,
तिनं कासेला हात लावला की म्हैस पाय झाडायची.
म्हणून आत्तीला उभं केलं,
म्हशीला दिसेल अशी,
कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी,
दाव्याचं दुसरं टोक हातात देऊन.

मॅटिनीला अख्खी गल्ली.
आत्ती कांद्याच्या पातीसारखं हिरवं लुगडं नेसून
डाव्या अंगाच्या खुर्चीत, पदर सावरून, फोटोला बसल्यासारखी.
त्या नऊ ओळींच्या जागी
बाईच्या गालावरून एक थेंब खाली आला
आणि खूप सारंगी वाजली.
बायका रडल्या. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?
वाचताना मला रडू आलं नव्हतं,
तेव्हा सगळं लक्ष जोडाक्षरांत होतं.

मग म्हैस आली.
मनात मोजले तर अकरा आकडे.
तिनं मान वळवली, डावीकडं बघितलं.
दावं ताठ, पडद्याच्या काठापर्यंत.
काठाच्या पलीकडं भिंत आणि विझलेला पंखा.
अंधारात आत्तीनं जिभेनं टक् टक् केलं,
धारेला बसताना करायची तसं.
मागची पोरं हसली.

मास्तरांना तो सिनेमा आवडला नाही.
शेवट बदलला म्हणून महिनाभर जेवण गोड लागेना त्यांना.
आत्तीला विचारलं, तुला कुठलं खरं वाटतं?
म्हणाली, "दोगांनी बी तिचं नाव घातलं न्हाई."
म्हशीचं नाव चंद्री होतं.

चंद्रीला मास्तरांनी मारलं, डायरेक्टरनं जगवलं,
आत्तीनं वडगावच्या बाजारात विकलं,
माझ्या अकरावीच्या फीला.
रिवाजानं दावं तेवढं परत आणलं.
पायऱ्या चढताना ते तिच्या खांद्यावर होतं
आणि कुणी काही लिहून घेत नव्हतं.

आता मी कॉलेजात तोच पेपर तपासतो.
'कादंबरी व चित्रपट यांतील फरक स्पष्ट करा. गुण दहा.'
पोरं लिहितात: म्हैस मरते, म्हैस मरत नाही.
लिहितात: कादंबरीत अंतर्मन, चित्रपटात दृश्य.
गाईडातलं. सहा देतो, कधी साडेसहा.

परवा भुदरगडाकडच्या एका पोरीनं
शेवटी, जागा उरली म्हणून असेल, लिहिलं होतं:
'चित्रपटात म्हैस एकदा बाजूला बघते.
तिथं कोण आहे ते दाखवलेलं नाही.'

लाल पेन तसंच धरून बसलो.
शिपाई दोनदा येऊन गठ्ठा मागून गेला.